पाठीला बाक असल्याबाबत

त्या इमारतीत कुणाच्या नळाला पाणी येईनासं झालं, कुणाच्या दाखल्यात नाव चुकलं, तर माणूस आधी दुसऱ्या मजल्यावर अर्जकाकांच्या दाराची कडी वाजवायचा. अर्जकाका एका मोठ्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्तावीस वर्षांत त्यांनी लिहिलेला एकही अर्ज ‘अर्थबोध होत नाही’ असा शेरा घेऊन परत आला नव्हता. जगातली निम्मी भांडणं चुकीच्या विभक्तीमुळे होतात, असं त्यांचं ठाम मत होतं. उरलेली निम्मी कशामुळे होतात ते त्यांनी कधी सांगितलं नाही. काकूंना ते माहीत होतं, पण संसार करायचा म्हणून त्या गप्प बसत.

तर अशा या गृहस्थांच्या घरात एके दिवशी शाळेचा एक शर्ट आला. त्यांच्या तेरा वर्षांच्या लेकीने, टिचकीने, तो अंगात घातला आणि तो डावीकडे खाली लोंबायला लागला. टिचकी हे लाडाचं नाव. लहानपणी तिला बोलायच्या आधी टिचकी वाजवता यायची. अर्जकाका शर्ट आणि टिचकी दोघांना घेऊन शिंप्याकडे गेले. शिंप्याने टिचकीला उभं केलं, टेप लावली, टेप काढली आणि म्हणाला, "साहेब, शर्ट सरळ आहे. मुलगी तिरकी आहे."

अर्जकाकांनी त्या शिंप्याशी असलेले पंधरा वर्षांचे संबंध जागच्या जागी तोडले. दुसऱ्या शिंप्याने दोनदा माप घेतलं आणि उजवा खांदा वर आहे म्हणून सांगितलं. तिसऱ्याने टेप गळ्यातून काढलीसुद्धा नाही, नुसतं बघून तेच सांगितलं. तीन शिंप्यांचं कधी एकमत झालेलं अर्जकाकांनी ऐकलं नव्हतं, त्यामुळे आता मात्र ते घाबरले.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी टिचकीला दोन्ही तळहात जोडून पुढे वाकायला सांगितलं आणि पाठीमागून बघितलं. उजव्या बाजूच्या बरगड्या डावीपेक्षा वर उचललेल्या दिसत होत्या. मग एक्स-रे झाला. त्यावर त्यांनी पट्टीने दोन रेघा मारल्या आणि कोन मोजला. "एकोणतीस अंश. हिच्या वाढीची अजून दोन-तीन वर्षं आहेत, आणि पाठ वाढते तसा हा बाकही वाढू शकतो. फार वाढला तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. आत्ता ती वेळ नाही. आत्ता पाठीला कडक पट्टा. दिवसाचे अठरा तास."

"शाळेतपण?" टिचकीने विचारलं.

"शाळा वगळली तर अठरा कुठून भरशील?"

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारलं, "आमचं काही चुकलं का हो? दप्तर जड होतं, बसायची पण वाकडी..."

"काही चुकलेलं नाही. दप्तराने हे होत नाही आणि बसण्यानेही होत नाही. बहुतेक वेळा का होतं ते आम्हालाही नीट कळलेलं नाही." काकूंना एवढं हायसं वाटलं की त्या जिन्यात बसून रडल्या. अर्जकाका शेजारी उभे राहून फायलीची नाडी सोडत आणि बांधत होते.

घरी पोहोचेपर्यंत बातमी त्यांच्या आधी जिना चढली होती. वरच्या मजल्यावरचे निवृत्त ड्रिलमास्तर दारातच उभे होते. "दप्तर!" ते गरजले. दप्तराने होत नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्याचं सांगितल्यावर त्यांनी डॉक्टरीणबाईंची शाळेतली टक्केवारी विचारली. मग म्हणाले, "रोज दहा मिनिटं लोंबकळायचं. पाठ आपोआप सरळ होते. हे बघा." चौकटीला हात पोहोचेना म्हणून त्यांनी पडद्याची दांडी धरली. दांडी, पडदा आणि ड्रिलमास्तर असे तिघे क्रमाने खाली आले. त्या इमारतीत कमरेचा पहिला पट्टा ड्रिलमास्तरांना लागला, तोही आठ दिवसांसाठी. खालच्या मजल्यावरच्या मावशींनी उशी काढून घ्या म्हणून सांगितलं, आणि संध्याकाळी परत येऊन दोन उशा द्या म्हणून सांगितलं. अर्जकाकांनी सगळे सल्ले तारीखवार लिहून फायलीला लावले, कारण आलेल्या कागदाची पोच द्यायची हा त्यांचा धर्म होता.

पुढच्या आठवड्यात इस्पितळात परिचारिकेने चिठ्ठी दिली. "तळमजल्यावर जा. डाव्या हाताला पट्टेवाले बसतात, ते मापं घेतील."

तळमजल्यावर डाव्या हाताला स्टुलावर पट्टेवाला बसलाच होता. सत्तावीस वर्षं जिच्या हातून फायली फिरवल्या ती जात अर्जकाका लांबून ओळखत. त्यांनी चिठ्ठी त्याच्या हातात दिली. "मापं घ्यायची आहेत."

साहेबी आवाज ऐकून पट्टेवाला तटकन उभा राहिला. "कशाची?"

"हिच्या पाठीची."

त्याने आत जाऊन कपाटं हलवताना लागणारी लोखंडी टेप आणली आणि अदबीने विचारलं, "लांबी-रुंदीच, का खोलीपण?"

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "हे ते पट्टेवाले नव्हेत."

खरे पट्टेवाले त्याच्या मागच्या दाराआड होते आणि दारावर पाटी नव्हती. अर्जकाकांना शब्दाने आयुष्यात पहिल्यांदा दगा दिला होता. त्यांनी चूक आपल्या अंगावर न घेता शब्दच बदलला. चित्रकार, शिल्पकार, तसे हे पट्टाकार, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, आणि आत गेल्यावर त्यांना पटलं की आपण नाव योग्यच दिलं आहे.

आत सगळं पांढरं होतं. जमीन, टेबल, खिडकीचे गज, पट्टाकारांच्या भुवया. एका भिंतीला मोठी भट्टी, आणि समोरच्या फळ्यांवर ओळीने मुलांची धडं. प्लास्टरची, डोकं नाही, हात नाहीत, पोटावर पेन्सिलीने नंबर. टिचकीने ती धडं बघितली आणि आईच्या मागे गेली.

पट्टाकारांनी अर्जकाकांची फाईल बघितली नाही. ते टिचकीसमोर उकिडवे बसले. "दिवसभर काय करायला आवडतं तुला?"

"चित्रं काढायला."

"टेबलावर?"

"जमिनीवर. पालथी पडून."

"मग पुढची कड थोडी खाली घ्यावी लागेल, नाहीतर गळ्याला टोचेल." त्यांनी कानामागची पेन्सिल काढून तेवढंच लिहून घेतलं. अर्जकाकांच्या मनात आलं, आपण इतक्या लोकांचे अर्ज लिहिले, पण कुणाला काय आवडतं हे कधी विचारलं नाही. मग त्यांच्या असंही मनात आलं की अर्जात तशी सोयच नसते.

पण टिचकी प्लास्टर लावून घ्यायला तयार होईना. "मला नको. मी आत अडकले तर?"

"त्यात काय आहे!" अर्जकाका छाती पुढे काढून म्हणाले. "आधी मला लावा. बघू दे तिला."

पट्टाकारांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, टिचकीकडे एकदा बघितलं, आणि पाण्यात पट्ट्या भिजवायला घेतल्या. "शर्ट काढून हा पातळ बनियन घाला." अर्जकाकांना परक्या बायकामाणसांत शर्ट काढणं प्रशस्त वाटेना. त्या खोलीत बायकामाणसं म्हणजे त्यांची बायको आणि त्यांची मुलगी. पण तत्त्व ते तत्त्व. शेवटी बनियन शर्टावरूनच चढवला गेला आणि त्यावर ओल्या पट्ट्या गुंडाळल्या गेल्या. आधी गार लागलं, मग कोमट, मग घट्ट. आणि मग अर्जकाकांचा चेहरा बदलला.

"पेन," ते म्हणाले.

शर्टाच्या खिशात त्यांचं शाईचं पेन होतं. सत्तावीस वर्षांचे सगळे अर्ज त्याच पेनाने लिहिलेले. ते आता काकांच्या छातीवर भिंतीत गाडल्यासारखं बसलं होतं, आणि प्लास्टरवर निळा ठिपका उमटून हळूहळू मोठा होत होता. टिचकी आईच्या पाठीमागून बाहेर आली. तिने ठिपका बघितला, बाबांचं तोंड बघितलं, आणि ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली. गेल्या पंधरा दिवसांत ती हसली नव्हती, हे काकूंच्या तेव्हा लक्षात आलं.

कात्रीने कवच कापून अर्जकाकांना आणि पेनाला सोडवण्यात आलं. पट्टाकारांनी कवच हातात फिरवून बघितलं. "साहेब, तुमचीपण पाठ बघण्यासारखी आहे हं. खांदे आत, मान पुढे. फार वर्षं वाकलात वाटतं." अर्जकाकांनी पेन पुसायला घेतलं. पेनाच्या टोपणाच्या खाचेत गेलेलं प्लास्टर पुढे कधी निघालं नाही. टिचकी मात्र दोन्ही हात बाजूला करून फळ्यांसमोर जाऊन उभी राहिली. "चला. पण आधी माझ्या खिशात काही नाही ना ते बघा."

पुढच्या खेपेला अर्जकाकांनी जे बघितलं त्याने ते त्या माणसाचे कायमचे भक्त झाले. टिचकीच्या कवचात ओतून केलेलं तिचं प्लास्टरचं धड टेबलावर उभं होतं आणि पट्टाकार किसणीने त्याची उजवी बाजू तासत होते. तासायचे, डोळे मिटून तळवा फिरवायचे, पुन्हा तासायचे. मग डाव्या बाजूला ओलं प्लास्टर थापून फुगवटा करायचे.

"इथे तासलं की पट्टा तिथे दाबेल," त्यांनी सांगितलं. "आणि जिथे भर घातली तिथे पट्ट्यात पोकळी राहील."

"पोकळी कशाला? दाबायचंच आहे तर दोन्हीकडून दाबा की."

"मग पाठ जाईल कुठे?" पट्टाकारांनी किसणी झटकली. "नुसतं दाबलं तर पोर चेपतं, सरळ होत नाही. एकीकडून रेटायचं आणि दुसरीकडे जागा सोडायची. सरळ तिचं तिने व्हायचं असतं."

मग त्यांनी भट्टीतून तापलेलं, मऊ पडलेलं प्लास्टिकचं पान काढलं, त्या धडावर एका झटक्यात पांघरलं, आणि आतली हवा ओढून घेतली तसं ते धडाला घट्ट चिकटलं. थंड झाल्यावर कडा घासल्या, घासलेली कड स्वतःच्या गालावरून फिरवून बघितली, पुन्हा घासल्या. पट्टा घालून काढलेल्या एक्स-रेमध्ये कोन पंधरा अंशांवर आला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "हा पट्टा घातल्यावरचा आकडा आहे. बाक आणखी वाढू द्यायचा नाही, हे आपलं काम. त्याला अठरा तास हवेत." अर्जकाकांनी पंधरा हा आकडा तरीही लाल पेन्सिलीने तीनदा अधोरेखित केला.

आता राहिली शाळा. पट्ट्यावर शर्ट सैल लागणार, तो खोचता येणार नाही, आणि न खोचलेल्या शर्टाला शाळेच्या फाटकात परवानगीचा कागद दाखवावा लागे. अर्जकाकांनी बाह्या सरसावल्या. हे तर त्यांचं मैदान. त्यांनी लिहिलं:

‘विषय : विद्यार्थिनीच्या पाठीला बाक असल्याबाबत. महोदया, सदर विद्यार्थिनीच्या पाठीला बाक असल्याचे निदर्शनास आले असून त्यावर उपाय म्हणून पट्टा बसविण्यात आला आहे. तो शाळेच्या वेळेत कायम ठेवण्यास परवानगी मिळावी.’

त्यांनी हे काकूंना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी स्वतःच मान डोलावली.

आठ दिवसांनी उत्तर आलं. ‘आपल्या अर्जाच्या अनुषंगाने सुतारामार्फत पाहणी करण्यात आली. विद्यार्थिनीच्या पाठीला लागणारा बाक तेथून हलविण्यात आला आहे. सबब पट्ट्याची आवश्यकता उरलेली नाही.’

अर्जकाकांनी आपल्या अर्जाची नक्कल काढून दोन्ही कागद शेजारी ठेवले. शाळेच्या कारकुनाच्या जगात बाक म्हणजे मुलं बसतात तो. त्याला दुसरा बाक ठाऊकच नव्हता. "आज माझ्या मागचा बाक उचलून नेला," टिचकीने दप्तर टाकत सांगितलं. "तिथली माझी मैत्रीण आता पार खिडकीपाशी बसते. मागून कुणी वेणीच ओढत नाही."

अर्जकाकांनी दुसरा अर्ज केला, आणि या वेळी विभक्तीवर सगळा जोर दिला. ‘खुलासा करण्यात येतो की बाक विद्यार्थिनीच्या पाठीमागे नसून पाठीतच आहे.’

याचं उत्तर टपालाने आलं नाही. माणसं आली. शाळेचे पर्यवेक्षक आणि सुतार, दोघे दारात. पर्यवेक्षकांच्या हातात वही होती. "बाक पाठीत नेमका कधी घुसला? खिळा होता का? प्रथमोपचार कुणी केले?" सुतार बिचारा घामाघूम झाला होता. त्या वर्गातले सगळे बाक त्याने स्वतः ठोकले होते आणि एकही खिळा वर राहू दिला नव्हता, असं तो दारातूनच शपथेवर सांगत होता. काकूंनी दोघांना पाणी दिलं. दोघांना शरीरातला बाक आणि लाकडातला बाक यांतला फरक समजावता समजावता अर्जकाकांचा अर्धा तास गेला. शेवटी पर्यवेक्षक म्हणाले, "म्हणजे अपघात नाही ना? तसं लेखी द्या." आणि परवानगीचं राहूनच गेलं.

या सगळ्यात दीड महिना गेला. टिचकी रोज सकाळी पट्टा काढून कपाटात ठेवायची, साधा शर्ट खोचायची आणि शाळेत जायची. "परवानगी नाही ना अजून," ती म्हणायची. तिच्या आवाजात वाईट वाटल्याची खूण नसायची, आणि अर्जकाकांना ते ऐकू येत नसे, कारण ते पुढच्या अर्जाचा मसुदा मनात घोळवत असत.

पट्टाकारांना मात्र काही सांगावं लागलं नाही. तपासणीच्या दिवशी त्यांनी पट्टा उलटा करून आतल्या गादीवर अंगठा फिरवला आणि बंद उघडून बघितले. "बारा तास," ते म्हणाले. "फार तर साडेबारा. ही गादी पुरती दबलेलीच नाही." ते रागावले नाहीत. टिचकीकडे बघून म्हणाले, "हाडं परवानगीसाठी थांबत नाहीत गं. ती वाढतच असतात."

टिचकीची मान खाली गेली. "सगळे बघतील," ती एवढंच म्हणाली.

अर्जकाकांना तेव्हा कळलं. दीड महिना पोरगी त्यांच्या कागदामागे लपून बसली होती, आणि ते तिला लपायला आणखी कागद पुरवत होते. त्यांना स्वतःचा इतका राग आला की परत येताना ते स्वतःच्याच इमारतीवरून पुढे चालत गेले.

घरी आल्यावर त्यांनी तिसरा अर्ज लिहायला घेतला. वक्रता, कशेरुका, तदनुषंगाने; चार पानं झाली. टिचकी टेबलाशी येऊन उभी राहिली. वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "बाबा, मी लिहू?"

"तू?" अर्जकाकांच्या तोंडून निघून गेलं. सत्तावीस वर्षं बोलली त्या एका अक्षरातून. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पेन तिच्या हातात दिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

टिचकी कागद घेऊन जमिनीवर पालथी पडली. पट्टा अंगात होता; गळ्याला टोचला नाही. पाच मिनिटांत तिने कागद आणून दिला.

‘बाई, माझा पाठीचा कणा वाकडा आहे. तो आणखी वाकू नये म्हणून मी अंगात कडक प्लास्टिकचा पट्टा घालते. त्यावर मोठा शर्ट लागतो, तो खोचता येत नाही. मला पट्टा घालून शाळेत यायचं आहे. आणि माझ्या मागचा बाक परत आणून ठेवा, तिथे माझी मैत्रीण बसते.’

अर्जकाकांनी सवयीने लाल पेन्सिल उचलली. विषय नाही. ‘सदर’ नाही. ‘विनंती’ हा शब्दच नाही. त्यांनी ‘शाळेत यायचं आहे’ याच्याखाली पेन्सिल टेकवली. ‘सगळे बघतील’ म्हणणाऱ्या पोरीला हे वाक्य लिहायला किती धीर करावा लागला असेल, हे त्यांना एकदम दिसलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी टिचकी घरूनच पट्टा घालून निघाली. फाटकात शिपायाने अडवलं तसं बापलेक दोघेही सरळ मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेले. कारकून होता, पर्यवेक्षक होते, आणि आपली नोकरी राहते की जाते ते बघायला सुतारही दाराशी आला होता. बाईंनी कागद वाचला आणि कारकुनाकडे बघितलं. कारकुनाने वाचला. "मग आधीच असं लिहायचं ना, साहेब!" तो अर्जकाकांना म्हणाला. कचेरीत हे वाक्य अर्जकाका रोज कुणाला ना कुणाला ऐकवत. आपल्याला ऐकावं लागलं की ते कसं लागतं, हे त्यांना त्या दिवशी समजलं.

"पट्टा कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

टिचकीने खोलीतल्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग तिने शर्टावरूनच पोटावर बोटांनी ठोकलं. टक टक टक. सुतार न राहवून पुढे आला. "बघू का?" तिने मान हलवली आणि शर्टाचं टोक बोटभर वर केलं. त्याने पट्ट्याच्या कडेवरून नख फिरवलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"काय कड घासलीय!" तो म्हणाला. "अशी कड मला लाकडाला जमत नाही. कोण आहे हा कारागीर?"

"आमचे पट्टाकार," टिचकी ऐटीत म्हणाली. "ते आधी गालावर फिरवून बघतात." आणि इतके दिवस जो पट्टा कपाटात लपवला होता, तो कसा होतो, भट्टीत काय घालतात, हवा कशी ओढतात, हे ती हातवारे करून सगळ्यांना सांगायला लागली. बाबांचं पेन प्लास्टरमध्ये कसं गाडलं गेलं तेही तिने सांगितलं. ते सांगायची काही गरज नव्हती.

बाईंनी कागदावर ‘मंजूर’ लिहिलं. "बाकसुद्धा," त्या सुताराला म्हणाल्या. मग कागद अर्जकाकांपुढे सरकवला. "पालकांची सही राहिली आहे."

अर्जकाकांनी पेन काढलं. टोपणाच्या खाचेत पांढरं प्लास्टर तसंच होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते दुसऱ्याच्या मसुद्यावर काहीही न बदलता सही करत होते. सही करताना त्यांनी मान वर केली तेव्हा उघड्या दारातून पॅसेज दिसत होता. सुतार तिथेच पडून असलेल्या त्या बाकाचं एक टोक धरून उलटा चालत होता, दुसरं टोक टिचकीने धरलं होतं. पट्ट्यात वाकून उचलायची सोयच नव्हती, म्हणून ती गुडघ्यात बसून, ताठ पाठीने उठली होती.

"जड आहे का गं?" सुताराने विचारलं.

"नाही," टिचकी म्हणाली. "चला. ती खिडकीपाशी वाट बघत असेल."